८ मित्र, २७ होल, एक शनिवार-रविवार: गोल्फच्या सहलीचं नियोजन

केळीमळा (७ डिसेंबर, रात्री ९:१५)

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला, केळी करतो. चौदा वर्षं पुण्यात नोकरी केली, तिथे गोल्फची गोडी लागली. गावी परत आलो तरी ती गेली नाही. पॅकिंगच्या शेडशेजारी क्रिकेटची दोन जाळी एकामागे एक टांगली आहेत, तिथे संध्याकाळी बॉल मारतो.

आम्ही शाळेपासूनचे आठ जण. दोघं पुण्यात, एक सुरतेला, एक धुळ्याला, एक जळगावात बँकेत, भुसावळचं एक जोडपं (दोघंही आमच्याच वर्गातले) आणि मी. मार्चच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून खेळायला जायचं ठरतंय. दुसरा शनिवार अशासाठी की बँकवाल्याला दुसरा आणि चौथाच मोकळा असतो. फेब्रुवारीचा चौथा धरला तर दोन घरांत बारावीची परीक्षा आहे.

एकाच ठिकाणी दोन-तीन कोर्स असतील असा रिसॉर्ट हवा, म्हणजे रोज सामान उचलून नवा रस्ता धरायला नको. माझ्या मनात दिल्लीजवळ मानेसरच्या पुढचा आयटीसीचा क्लासिक आहे. नामवंत गोल्फपटू जॅक निक्लॉसने आखलेले २७ होल आहेत, नऊ-नऊचे तीन भाग: रिज, व्हॅली आणि कॅन्यन. कोणतेही दोन भाग जोडले की १८ होलांचा वेगळा कोर्स होतो, म्हणजे एका जागी तीन कोर्स. माझा बेत असा: शनिवारी दुपारी १८, रविवारी सकाळी १८, वेळ उरला तर आणखी ९.

कोणी अशी सहल काढली असेल तर मोकळेपणाने सांगा. काय चुकतंय तेही सांगा.

सातपुडा_पायथा (७ डिसेंबर, रात्री १०:०२)

भाऊ, बेत मस्त आहे. पण दिल्लीपर्यंत कशाला? नाशिकला गोल्फ क्लब आहे ना?

तापीकाठची (७ डिसेंबर, रात्री १०:३०)

सातपुडा भाऊ, नाशिकचं ते गोल्फ क्लब मैदान म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नाव तेवढं जुनं राहिलंय. तिथे क्रिकेट चालतं, रणजीचे सामने होतात.

केळीमळा, मी माहेरची देवळालीची. वडील तोफखान्यात होते, त्यामुळे गोल्फ लहानपणापासून बघितला आणि लग्नानंतर पुण्यात खेळायला लागले. तुम्हाला काही सांगण्याआधी तीन प्रश्न विचारते. आठांपैकी नीट खेळणारे किती? अजिबात कोर्सवर न उतरलेले किती? आणि जाणार कसे? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय होलांची संख्या ठरवू नका.

केळीमळा (८ डिसेंबर, सकाळी ७:१०)

ताई, पुण्याचे दोघं आणि मी बऱ्यापैकी खेळतो. माझा हँडिकॅप १९ आहे, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) साधारण तेवढे जास्त लागतात. सुरतेचा मित्र आणि भुसावळचे दोघं मधले, ३० च्या पुढचे. बँकवाला आणि धुळ्याचा मित्र जेमतेम नवशिके.

जायचं राजधानीने. मुंबई-निजामुद्दीन राजधानी जळगावला थांबते. शुक्रवारी रात्री बसलो की शनिवारी सकाळी दिल्ली. रविवारी संध्याकाळी परतीची धरली की सोमवारी पहाटे जळगाव. आम्हा खान्देशातल्यांना एकही रजा लागत नाही. पुण्याचे दोघं कल्याणला चढतील, त्यांची शुक्रवारची अर्धी रजा. सुरतेचा तिकडून थेट येईल.

कापूसपेठ (८ डिसेंबर, सकाळी ९:४५)

अहमदाबादचा विचार केलात का? जळगाव-नंदुरबार-सुरत मार्गाने सरळ रस्ता आहे. तिकडे कल्हार आहे, निक्लॉसच्याच कंपनीने आखलेला, आणि जीव मिल्खा सिंगने आखलेला केन्सव्हिलही आहे. सुरतेच्या मित्रालाही सोयीचं पडेल.

केळीमळा (८ डिसेंबर, दुपारी १:२०)

केला होता. पण ते दोन्ही वेगवेगळे क्लब आहेत, वेगवेगळ्या दिशांना. आठ माणसं, आठ बॅगा, दोन गाड्या, रोज नवं बुकिंग. आणि क्लब असल्यामुळे पाहुण्यांसाठी सदस्याची ओळख, वेळेची बंधनं यांची चौकशी दोन्हीकडे वेगळी करायची. रिसॉर्टमध्ये मुक्काम असला की खोली आणि टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) एकाच माणसाशी बोलून ठरतं. मला तेच हवंय.

दूरदेशी_एरंडोल (८ डिसेंबर, रात्री ११:५५)

मी मूळचा एरंडोलचा, सध्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात. इथे पाइनहर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या रिसॉर्टमध्ये १० मोठे कोर्स आहेत, दहावा २०२४ मध्ये उघडला. त्यांचा २ नंबरचा कोर्स डोनाल्ड रॉसने १९०७ मध्ये पूर्ण केला. २०२४ ची यूएस ओपन तिथेच झाली, ब्रायसन डिशॅम्बोने जिंकली. आम्ही आठ मराठी मित्र तिथे तीन दिवस गेलो होतो. अनेक कोर्सच्या ठिकाणी काय होतं ते अनुभवातून सांगतो.

पहिली गोष्ट, सगळे कोर्स बघून घ्यावेत असा मोह पडतो. आम्ही दोन दिवसांत ७२ होल आखले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांच्या पाठी धरल्या, एकाच्या तळहाताची साल निघाली, आणि सगळ्यात महाग फेरी आम्ही थकलेल्या अंगाने खेळलो. कोर्स अवघड, अंग दमलेलं, संध्याकाळी जेवताना कोणी बोलेना.

दुसरी गोष्ट, अवघड कोर्स पहिल्या दिवशी कधी ठेवू नये. प्रवासाने अंग आखडलेलं असतं, ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताचा, वेग हाताला कळलेला नसतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाइनहर्स्टला क्रेडल नावाचा ९ होलांचा छोटा कोर्स आहे, २०१७ मध्ये केलेला. सगळे होल पार ३ चे, एकूण लांबी ७८९ यार्ड. तिथे आम्ही एका संध्याकाळी दोन-दोन क्लब (गोल्फच्या काठ्या) हातात घेऊन आठही जण एकत्र फिरलो. ज्याला ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) धड मारता येत नव्हता त्याचा बॉल तिथे ध्वजापासून हातभरावर पडला. तीन दिवसांत त्याने तोंड उघडून हसलेलं मी तेव्हाच पाहिलं. आजही आम्ही भेटलो की त्या संध्याकाळीबद्दल बोलतो, २ नंबरबद्दल नाही.

पांझराकाठ (९ डिसेंबर, सकाळी ६:५०)

मीच तो धुळ्याचा मित्र. केळीमळाने धागा पाठवला म्हणून खातं उघडलं. सर्वांना नमस्कार. माझ्याकडून एवढंच, की मला मोजू नका. डाव्या गुडघ्याचं दुखणं आहे, आणि मी अजून एकही पूर्ण फेरी खेळलेलो नाही. सात जण नीट खेळा. मी परत आल्यावर भेटेन.

वरणबट्टी (९ डिसेंबर, सकाळी ११:३०)

पांझराकाठ, जाऊन या हो. बग्गी असते, चालावं लागत नाही.

एक वेगळी शंका विचारू का? मी अमळनेरची. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. इतक्या मोठ्या गवताला पाणी घालणं मला पटत नाही. तुम्ही स्वतः शेतकरी आहात म्हणून विचारते.

केळीमळा (९ डिसेंबर, रात्री ८:४०)

वरणबट्टी ताई, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. माझी केळी ठिबकवर आहे, प्रत्येक झाडाला किती लिटर जातं ते मी मोजतो. हतनूर आणि गिरणा धरणात किती साठा उरला हे आमच्या घरी पेपरात सगळ्यात आधी वाचलं जातं. आपल्या भागात मोठा कोर्स व्हावा अशी मागणी मी कधी केली नाही, करणारही नाही. जो कोर्स आधीपासून आहे तिथे वर्षातून एकदा जातो. तिथेही पाणी कुठून आणता, सांडपाणी शुद्ध करून वापरता का, हे मी विचारतो. या वेळीही पत्रात विचारणार आहे.

आता पांझराकाठबद्दल. हे मी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे एका ठिकाणी खेळायला गेलो होतो. ठिकाणाचं नाव सांगत नाही. टी टाइम लागोपाठ दोन मागितले होते. प्रत्यक्षात दोन्हींच्या मध्ये चाळीस मिनिटांचं अंतर निघालं, त्यामुळे चांगले खेळणारे पुढे गेले आणि नवशिके मागच्या गटात एकत्र पडले. त्यांच्या मागून दुसरे खेळाडू आले, मार्शल (खेळाचा वेग बघणारा कर्मचारी) येऊन दोनदा घाई करून गेला. बाराव्या होलला आम्ही फोनवर सांगितलं की तुम्ही दोघं बॉल उचला आणि बग्गीत बसा, आपण क्लब हाउसला भेटू. पांझराकाठ आणि बँकवाला उरलेले सहा होल बग्गीत बसून होते. आम्ही वर आलो तेव्हा दोघांनी आमच्यासाठी लिंबू सरबत सांगून ठेवलं होतं.

तो दिवस माझ्या मनातून जात नाही. जागेचं बुकिंग चुकलं हे खरं, पण बॉल उचला असं सांगणारा मी होतो. म्हणून मला ही सहल परत करायची आहे. पांझराकाठ, तू नसशील तर मी बुकिंग करणार नाही.

तापीकाठची (९ डिसेंबर, रात्री १०:१५)

हे सांगितलंत ते बरं झालं. आता नियोजन कुठून सुरू करायचं ते कळलं. नवशिक्या दोघांपासून सुरू करा, बाकीचं आपोआप बसेल.

आधी वेळेचा हिशेब घ्या. राजधानी सकाळी दहाच्या सुमाराला निजामुद्दीनला पोहोचते. तिथून गुरुग्रामची गर्दी ओलांडून मानेसरच्या पुढे जायला दीड-दोन तास धरा. जेवण, कपडे, पाच-दहा बॉल मारून अंग मोकळं करणं, यात दीड वाजतो. चौघांच्या गटाला १८ होलांना साडेचार तास लागतात, नवशिके असले तर पाच. मार्चच्या मध्यावर तिकडे सूर्य साडेसहाच्या आधी मावळतो. म्हणजे शेवटचे होल अंधाराशी शर्यत लावत खेळायचे, आणि घाई नेमकी त्या दोघांची होणार. रविवारी परतीची गाडी पाचच्या आसपास सुटते. दुपारी दीडला निघायलाच हवं.

म्हणून शनिवारी फक्त ९ होल. रविवारी सकाळी सातला सुरू करून १८. एकूण २७. रिज, व्हॅली, कॅन्यन तिन्ही एकेकदा होतात, एकही परत येत नाही आणि एकही राहत नाही. तुमच्या २७ होलांच्या जागेला आणि तुमच्या गाडीला हेच गणित जुळतं.

केळीमळा (९ डिसेंबर, रात्री १०:४०)

ताई, मी इतके दिवस ४५ होलांचा कागद घेऊन बसलो होतो. हे सुचलंच नव्हतं.

दूरदेशी_एरंडोल (१० डिसेंबर, पहाटे ५:२०)

तापीकाठच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. शनिवारचे ९ स्क्रॅम्बल पद्धतीने खेळा. चौघांचे दोन संघ करा, प्रत्येक संघात एक नवशिका. चौघांनीही टी वरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारायचं, सगळ्यात चांगला बॉल निवडायचा, मग चौघांनी तिथूनच पुढचा फटका मारायचा. होल संपेपर्यंत तसंच. यात कोणाचा वाईट फटका संघाला भोवत नाही, आणि नवशिक्याचा एखादा पट (ग्रीनवरचा हलका फटका) होलमध्ये गेला की तो सगळ्यांचाच होतो. एक अट घाला: नऊ होलांत प्रत्येकाचा निदान एक टी शॉट वापरायचाच.

रविवारी स्टेबलफर्ड. ही पद्धत इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबचे डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड यांची, १९३२ मध्ये तिची पहिली स्पर्धा झाली. प्रत्येक होलला गुण मिळतात. हँडिकॅपचे फटके वजा करून पार झाला तर २, एकने जास्त लागला तर १, एकने कमी तर ३. दोन किंवा जास्त फटक्यांनी मागे पडलात की शून्य, बॉल उचलायचा आणि पुढच्या होलला नव्याने सुरुवात. इथे बॉल उचलणं हा नियमाचाच भाग असतो आणि सगळेच उचलतात. एका होलला दहा फटके लागले म्हणून पूर्ण दिवस वाया जात नाही.

बॉलशोध्या (१० डिसेंबर, सकाळी १०:०५)

मी पुण्यात एका क्लबच्या हँडिकॅप समितीवर काम केलंय, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

हँडिकॅप घरच्या कोर्सचा तसाच्या तसा धरू नका. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे. तुमच्या इंडेक्सला (मूळ हँडिकॅपच्या आकड्याला) त्या टी च्या स्लोपने (अवघडपणाच्या आकड्याने) गुणायचं आणि ११३ ने भागायचं. मग कोर्स रेटिंगमधून (तरबेज खेळाडूला लागणाऱ्या अपेक्षित फटक्यांमधून) पार वजा करून जे येतं ते त्यात मिळवायचं. समजा इंडेक्स २४ आणि स्लोप १३०, तर २७.६ येतात. रेटिंग आणि पार सारखे असतील तर २८ फटके. अवघड कोर्सवर जास्त फटके मिळाले नाहीत तर कच्चा खेळाडू विनाकारण हरतो. नवशिक्यांना सरळ ५४ द्या, इंडेक्सची कमाल मर्यादा तेवढीच आहे. म्हणजे प्रत्येक होलला तीन फटके जादा. पार ४ च्या होलला सातात बॉल गेला तरी दोन गुण.

दुसरं म्हणजे टी ची निवड. सगळ्यात मागच्या टी वरून अशा कोर्सची लांबी सात हजार यार्डांच्या आसपास जाते, तिकडे तुमच्यापैकी कोणी बघूही नये. सोपा हिशेब सांगतो: तुमची ५ नंबरची आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) साधारण किती यार्ड जाते त्याला ३६ ने गुणा. १४० जात असेल तर ५०४० यार्ड. तेवढ्या लांबीची टी निवडा.

तापीकाठची (१० डिसेंबर, दुपारी १२:३०)

याला माझी जोड. पुढच्या टी ना 'लेडीज टी' म्हणायची सवय कृपया सोडा. त्या शब्दामुळे पुरुष तिकडे जात नाहीत आणि मागून मारून बॉल हरवत बसतात. भुसावळच्या मैत्रिणीचा बॉल कोणापेक्षा लांब जात असेल तर ती मागून मारेल. अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली. लांब मारणाऱ्यांमध्ये तिची गणना नव्हती, तिने पटर (ग्रीनवरचा क्लब) आणि जवळच्या फटक्यांवर तो आठवडा खेळून काढला.

पांझराकाठ, तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल तर फटक्याच्या शेवटी शरीराचा पीळ डाव्याच गुडघ्यावर येतो. डावं पाऊल थोडं बाहेर वळवून उभं राहा, पीळ कमी होतो. ड्रायव्हर आणूच नका. ७ नंबरची आयर्न, एक वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब) आणि पटर, एवढ्यावर पूर्ण फेरी होते. मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि रिसॉर्टला विचारून घ्या की बग्गी फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या गवतावर) नेऊ देतात की फक्त रस्त्यावरूनच. तुमच्यासाठी तो फरक मोठा आहे.

पांझराकाठ (१० डिसेंबर, रात्री ९:३०)

ताई, डॉक्टरांना विचारतो. अजून हो म्हणत नाही.

थायी_ठेचा (११ डिसेंबर, सकाळी ८:२०)

एवढं करताय तर पट्टायाला जा की. सियाम कंट्री क्लबचे ओल्ड कोर्स, प्लँटेशन, वॉटरसाइड आणि रोलिंग हिल्स असे चार कोर्स आहेत.

केळीमळा (११ डिसेंबर, सकाळी ८:५५)

कधीतरी नक्की. पण ते शनिवार-रविवारात होत नाही, आणि आठांच्या खिशाला सारखं परवडतही नाही. आमच्यात दोघांच्या घरी या वर्षी कर्जाचे हप्ते आहेत.

मुनीम_पारोळा (११ डिसेंबर, रात्री ७:४०)

पैशांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी गोल्फ खेळत नाही, पण चाळीस माणसांच्या यात्रांचा हिशेब सांभाळलाय. मैत्रीत पैशांचं बोलणं जितकं लांबवाल तितकं ते कडू होतं. पहिल्याच बैठकीत करा.

तुमच्या खेळात खर्चाच्या बारीक बाबी फार दिसतात. रिसॉर्टला एकच पत्र लिहा आणि प्रत्येक बाब लेखी मागा. शनिवार-रविवारची ग्रीन फी, ९ होलांची फी वेगळी आहे का, बग्गी, कॅडी, भाड्याचा सेट, सरावाचे बॉल, त्यावरचा कर, आणि कॅडीला वरून किती देण्याची पद्धत आहे. दोन टी टाइम लागोपाठचे असावेत हेही लेखी. धुक्याने किंवा पावसाने खेळ थांबला तर अॅडव्हान्सचं काय, हे तर ठळकपणे लिहून घ्या. ज्यांना कमी खर्च करायचाय त्यांना तसं सगळ्यांसमोर म्हणावं लागू नये. म्हणून आकडा सगळ्यात अडचणीत असलेल्याला विचारून ठरवा आणि सगळ्यांना तोच लावा.

केळीमळा (११ डिसेंबर, रात्री ९:०५)

मुनीम काका, हात जोडले. ही यादी जशीच्या तशी पत्रात घालतो.

बॉलशोध्या (१२ डिसेंबर, सकाळी ९:५०)

धुक्यावरून आठवलं. डिसेंबर-जानेवारीत तिकडे जाणाऱ्यांनी सकाळचा टी टाइम धरूच नये. समोरचा ध्वज दिसत नाही, गाड्या तासन्‌तास उशिरा. मार्चचा दुसरा आठवडा उत्तम. धुकं सरलेलं असतं आणि उन्हाचा चटका यायचा असतो. आपल्या खान्देशातल्या माणसाला तर ते ऊन म्हणजे सावलीच.

कापूसपेठ (१२ डिसेंबर, दुपारी ४:१५)

आठ बॅगा गाडीत कशा मावणार? बर्थखाली अख्खा सेट म्हणजे इतर प्रवाशांना पाय ठेवायला जागा नाही.

बॉलशोध्या (१२ डिसेंबर, संध्याकाळी ६:००)

अख्खा सेट न्यायचाच नाही. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, किमान किती ते सांगितलेलं नाही. प्रत्येकाने ७ क्लब पातळ पेन्सिल बॅगेत भरावेत. जोडी करून खेळताना दोन भागीदारांना मिळून १४ क्लब वाटून वापरता येतात, तशी नियमातच सोय आहे. शनिवारी सगळेच संघात आहात, तेव्हा ड्रायव्हर दोन नेलेत तरी पुरे. बूट जाड पिशवीत, आणि कॉलरचा टी शर्ट विसरू नका.

कोर्सवर वेळ वाचवायलाही दोन गोष्टी ठरवून घ्या. हरवलेला बॉल शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं आहेत, घड्याळ लावा. आणि ज्याची तयारी झाली त्याने मारायचं, मान-पान नको. यात नवशिक्यांना दटावायची वेळच येत नाही.

दूरदेशी_एरंडोल (१३ डिसेंबर, पहाटे ६:१०)

अजून एक. शनिवारी खेळ संपल्यावर सगळ्यांनी अंधार पडेपर्यंत पटिंग ग्रीनवर थांबा. होल १०८ मिलिमीटरचा, सगळ्यांसाठी सारखाच. तिथे १९ हँडिकॅपवाला आणि पहिल्यांदा आलेला यांत फारसा फरक उरत नाही.

केळीमळा (४ जानेवारी, रात्री १०:३०)

मंडळी, उशिरा लिहितोय, मध्ये केळीची कापणी होती. आज मळ्यात बैठक झाली. सुरतेचा सोडून सातही जण आले, तो फोनवर होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, भुसावळच्या मैत्रिणीने कळण्याच्या पुऱ्या केल्या, आणि भरीत संपायच्या आत पैशांचं बोलणं उरकलं. मुनीम काकांच्या सांगण्याप्रमाणे मी आधी दोघांना वेगवेगळं भेटून आकडा विचारला होता. तोच सगळ्यांना लावला. वर लागेल ते माझ्या आणि पुण्याच्या दोघांच्या खात्यातून, आणि ते बैठकीत बोललोही नाही.

रिसॉर्टचं उत्तर आलंय, प्रत्येक बाबीला लेखी. दोन्ही दिवशी लागोपाठचे टी टाइम मिळताहेत. नवशिक्यांना शनिवारी दुपारी आधी सरावाच्या जागेवर तासभर शिक्षकाबरोबर घालवता येईल. पाण्याबद्दलही विचारलं होतं, त्यावर तिथे गेल्यावर बोलू असं म्हणालेत. वरणबट्टी ताई, मी विचारून येईन आणि इथे लिहीन.

संघही पाडले. पांझराकाठ माझ्या संघात आहे.

वरणबट्टी (४ जानेवारी, रात्री ११:०५)

वाट बघते. आणि पुऱ्यांचा फोटो टाका.

केळीमळा (१२ जानेवारी, सकाळी ८:३५)

आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणून आज सकाळी आठला मी जळगावची पाच तिकिटं आणि पुण्याच्या मित्राने कल्याणची दोन, असं एकाच वेळी बसून काढलं. सातही पक्की. डबा एकच, बर्थ मात्र विखुरलेले, ते गाडीत बघून घेऊ. परतीचं परवा उघडेल. शुक्रवारी पांझराकाठला धुळ्याहून आणायला बँकवाला गाडी घेऊन जाणार आहे. पारोळा-एरंडोलमार्गे दोन-अडीच तास धरलेत.

पांझराकाठ, तुझं नाव मी तुला न विचारता घातलंय. रद्द करायचं तर आज सांग.

पांझराकाठ (१२ जानेवारी, रात्री ९:२०)

रद्द करू नको. डॉक्टरांनी बग्गी घेऊन खेळायला हरकत नाही म्हटलंय, पट्टा लावायला सांगितलाय. शनिवारी तुझ्या मळ्यात येऊन गेलो, तू चोपड्याला गेला होतास. वहिनींनी शेडचा दिवा लावून दिला. डावं पाऊल ताईंनी सांगितलं तसं बाहेर ठेवून ७ नंबरने साठ बॉल मारले. वीस-बावीस सरळ गेले. एक जाळीच्या वरून गेला, तो केळीत कुठेतरी पडलाय, पाणी देताना दिसला तर ठेव.

केळीमळा (१३ जानेवारी, सकाळी ६:४५)

तिसऱ्या सरीत सापडला. शेडमधल्या डब्यात ठेवलाय.